कालमर्यादा आणि कागद : दिनांकानुसार नोंदी निवडण्याच्या पद्धतीचा सोलापूरच्या इतिहासाच्या आधारे विचार

इतिहासाचा कोणताही प्रबंध हाती घेतला असता त्याच्या शीर्षकातच बहुधा दोन सनांची जोडी आढळते. अमुक सनापासून अमुक सनापर्यंत, एवढे सांगितले म्हणजे विषयाची कालमर्यादा ठरली असे संशोधक मानतो आणि त्या मर्यादेतील कागद वेचण्यास आरंभ करतो. पूर्वी हे वेचण्याचे काम रुमाल सोडून, कागदामागून कागद वाचून करावे लागे. आता नोंदी संगणकात भरलेल्या असल्या की आरंभाचा व अखेरीचा दिनांक सांगताच यंत्र हव्या त्या नोंदी क्षणार्धात वेगळ्या काढून देते. श्रम वाचले यात शंका नाही. परंतु हाताने वेचताना संशोधकाला प्रत्येक कागदाचा दिनांक वाचावा लागे, आणि तो वाचताना शंकाही येत असे. यंत्राला शंका येत नाही. ते सांगितलेली मर्यादा पाळते आणि तिच्याबाहेर पडलेल्या नोंदींविषयी मौन बाळगते.

या मौनाचा परिणाम काय होतो हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कालमर्यादा ही तटस्थ चाळणी नव्हे; ती संशोधकाने केलेले एक विधान आहे, आणि इतर विधानांप्रमाणेच ती स्पष्ट मांडली पाहिजे व तिचे समर्थन करता आले पाहिजे, असा आमचा मुद्दा आहे. उदाहरणे मुख्यतः सोलापूर शहर व जिल्हा यांच्या इतिहासातून घेतली आहेत. येथील विद्यार्थ्यांना ती परिचित आहेत, आणि या विषयातील बहुतेक सर्व अडचणी या एका जिल्ह्यात एकत्र भेटतात.

१. एक घटना, तीन मर्यादा

सन १९३० मधील सोलापूरचे प्रकरण सर्वश्रुत आहे. ५ मे रोजी महात्मा गांधींना कराडी येथे अटक झाली. त्या वार्तेने शहरात क्षोभ उसळला. ८ मे रोजी जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष होऊन गोळीबार झाला, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत जाळण्यात आली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. त्यासंबंधीचा व्हाइसरॉयचा वटहुकूम १५ मे रोजी निघाला. ३० जून रोजी लष्करी अंमल संपला. ८ मेच्या घटनांत पोलिसांची हत्या केल्याच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आले.

आता असे समजा की, या काळातील वृत्तपत्रांतील बातम्या, सरकारी तारा, अर्ज व निकाल यांची सूची संगणकात तयार आहे आणि एका विद्यार्थ्याचा विषय 'लष्करी कायद्याखालील सोलापूर' असा आहे. तो साहजिकच १२ मे ते ३० जून १९३० ही मर्यादा घालील. विषयाच्या नावाशी ती तंतोतंत जुळते. तथापि या मर्यादेत ८ मेचा गोळीबार येत नाही आणि १२ जानेवारीची फाशीही येत नाही. कारण बाहेर राहिले आणि परिणामही बाहेर राहिला. मध्ये उरले ते केवळ हुकूम, दंड व शिक्षा. अशा निवडीवरून जो इतिहास लिहिला जाईल तो शासनाच्या दृष्टीने लिहिलेला असेल, मग लेखकाची सहानुभूती कोणाकडेही असो. कारण १२ मे आणि ३० जून या दोन्ही तारखा शासनाने ठरविलेल्या आहेत.

दुसरा विद्यार्थी ५ मे हा आरंभ धरील. त्याला राष्ट्रीय आंदोलनाचा संदर्भ मिळेल. तिसरा १२ जानेवारी १९३१ पर्यंत जाईल, आणि त्याला न्यायप्रक्रियेचा इतिहास मिळेल. तिन्ही मर्यादा वैध आहेत. परंतु त्या तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि कोणता प्रश्न आपण विचारला हे लिहून ठेवल्यावाचून उत्तरांची तुलना करता येत नाही.

येथे आणखी एक भेद लक्षात घेतला पाहिजे. प्रत्येक कागदाला एकच दिनांक असतो असे नाही. घटना ज्या दिवशी घडली तो एक, कागद ज्या दिवशी लिहिला तो दुसरा, आणि तो कचेरीत दाखल झाला किंवा वृत्तपत्रात छापला गेला तो तिसरा. ८ मेच्या घटनांसंबंधी १२ मेनंतर लिहिलेले साहित्य पुष्कळ असणार हे उघड आहे. सूचीत दिनांकाचा एकच रकाना ठेवला आणि त्यात कधी घटनेचा तर कधी कागदाचा दिनांक भरला, तर मर्यादा कितीही काटेकोर असली तरी निवड विश्वसनीय राहात नाही. यास्तव हे तीन रकाने वेगळे ठेवावेत, आणि चाळणी कोणत्या रकान्यावर लावली ते निष्कर्षासोबत सांगावे.

२. सीमेवरचे दिवस

मर्यादेचे दोन्ही शेवटचे दिवस आत धरावयाचे की बाहेर, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण तो तसा नाही. १२ मे ते ३० जून हा काळ किती दिवसांचा? एका दिनांकातून दुसरा वजा केला तर उत्तर ४९ येते. दोन्ही दिवस धरून मोजले तर मेचे २० आणि जूनचे ३० मिळून ५० होतात. यंत्राला वजाबाकी करावयास सांगितली तर ते ४९ सांगेल, आणि नोंदी मोजावयास सांगितल्या तर ५० दिवसांच्या मोजील. रोजची सरासरी काढताना भाजक ४९ घ्यावा की ५०, हे संशोधकानेच ठरविले पाहिजे.

याहून घातक चूक वेळेसह नोंदविलेल्या दिनांकांत होते. तारेवर दिवसाबरोबर तास व मिनिटेही असतात. अशा रकान्यावर '३० जूनपर्यंत' अशी अट घातली की पुष्कळ संगणकीय भाषा ३० जून याचा अर्थ त्या दिवसाचा आरंभ, म्हणजे मध्यरात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटे, असा घेतात. परिणामी ३० जून रोजी सकाळी, दुपारी वा सायंकाळी आलेली प्रत्येक तार वगळली जाते. एसक्यूएलमधील 'बिट्वीन' ही अट दोन्ही टोके आत धरते हे खरे. परंतु अखेरचे टोक वरीलप्रमाणे मध्यरात्रीचे असेल तर शेवटचा दिवस हातचा जातो. येथे तो दिवस लष्करी अंमल संपण्याचा, म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या दिवसांपैकी एक आहे.

यावरचा उपाय सोपा आहे. आरंभीचा दिवस आत धरावा आणि अखेरीस त्याच्या पुढचा दिवस बाहेर ठेवावा. म्हणजे '१२ मे अथवा त्यानंतर, आणि १ जुलैच्या पूर्वी' अशी अट लिहावी. या रीतीचा दुसरा लाभ असा की लागोपाठचे कालखंड एकमेकांना नेमके भिडतात. एका खंडाची अखेर तीच दुसऱ्याचा आरंभ होते. कोणतीही नोंद दोनदा मोजली जात नाही आणि कोणतीही निसटत नाही.

दिवसाच्या विशिष्ट तासांची मर्यादा घालताना वेगळी अडचण येते. सोलापूरच्या कापड गिरण्यांतील रात्रपाळीची उदाहरणादाखल कल्पना करू. रात्री १० नंतरच्या आणि सकाळी ६ पूर्वीच्या नोंदी हव्यात म्हणून दोन्ही अटी एकत्र घातल्या तर यंत्र एकही नोंद देणार नाही; कारण दहाच्या पुढचा आणि सहाच्या मागचा असा कोणताही तास एका दिवसात नाही. येथे 'आणि' नव्हे तर 'किंवा' हवे. शिवाय पहाटे तीनची नोंद कोणत्या पाळीची, म्हणजे आदल्या दिवसाची की त्या दिवसाची, हेही सांगावे लागते.

३. लेखनाच्या क्रमामुळे होणारा घोटाळा

आपण दिनांक लिहिताना प्रथम दिवस, मग महिना, मग सन लिहितो. अमेरिकेत प्रथम महिना लिहितात. १२/५/१९३० हा आपला १२ मे. अमेरिकी पद्धतीने वाचणारे यंत्र त्याला ५ डिसेंबर समजते. १५/५/१९३० वाचताना मात्र ते अडते, कारण पंधरावा महिना नाही. मग काही आज्ञावल्या तेवढ्यापुरता क्रम उलटवून १५ मे असा योग्य अर्थ घेतात. म्हणजे एकाच रकान्यातील काही दिनांक बरोबर आणि काही चूक वाचले जातात, आणि कोठेही सूचना मिळत नाही.

याचा परिणाम मोजून पाहण्यासारखा आहे. ५ मे ते ३० जून १९३० या काळात दोन्ही टोके धरून ५७ दिवस येतात. त्यांपैकी १३ ते ३१ मे आणि १३ ते ३० जून हे ३७ दिवस योग्य वाचले जातील. ५ मे आणि ६ जून यांत दिवस व महिना यांचे अंक एकच असल्यामुळे तेही सुरक्षित आहेत. ६ मे हा ५ जून होईल आणि ५ जून हा ६ मे. दोघेही मर्यादेतच राहतील, पण परस्परांच्या जागी. उरलेले १६ दिवस मर्यादेबाहेर फेकले जातील. हे १६ दिवस कोणते? ७ ते १२ मे, १ ते ४ जून आणि ७ ते १२ जून. म्हणजे गोळीबाराचा दिवस, शहरात सरकारी सत्ता जवळजवळ नाममात्र राहिल्याचे दिवस आणि लष्करी कायदा पुकारल्याचा दिवस हे सर्व एकदम नाहीसे होतात. उलट ५ ऑगस्टची नोंद ८ मेची म्हणून आत येते. एकूण नोंदींची संख्या भरपूर दिसत असल्यामुळे संशय येण्याचे कारण राहात नाही. आणि मग 'मेच्या दुसऱ्या आठवड्यात वृत्तपत्रे मौन होती' असा निष्कर्ष कोणी प्रामाणिकपणे काढील.

संख्याशास्त्रासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या 'आर' या भाषेत याहून चमत्कारिक प्रकार घडतो. लेखनाचा क्रम न सांगता १२/०५/१९३० हा मजकूर दिनांकात रूपांतरित करावयास सांगितला, तर ती भाषा पहिला अंक सन समजते आणि इसवी सन १२ मधील १९ मे असे उत्तर देते. कारण १९३० मधील पहिले दोन अंक तिला दिवस वाटतात. दिवस, महिना, सन या क्रमाने तिरप्या रेघांनी लिहिलेले १९०० ते १९९९ या काळातले सर्व दिनांक अशा रीतीने कोणत्या ना कोणत्या महिन्याच्या १९ तारखेला जाऊन पडतात. चूक इतकी ढोबळ असल्यामुळे ती निदान दिसून येते, हेच तिचे सुदैव. उपाय एकच: सूचीत दिनांक सन, महिना, दिवस या क्रमाने आणि पूर्ण अंकांत लिहावा, मूळ कागदावरील लेखन वेगळ्या रकान्यात जसेच्या तसे ठेवावे, आणि यंत्राला क्रम ओळखण्याची मुभा न देता तो स्पष्ट सांगावा.

४. दिवस केव्हा उजाडतो?

इंग्रजी दिवस मध्यरात्री सुरू होतो, पंचांगाचा दिवस सूर्योदयास आणि हिजरी दिवस सूर्यास्तास. एकच क्षण तीन पद्धतींत दोन निरनिराळ्या दिवसांत पडू शकतो. गांधीजींची अटक मध्यरात्रीनंतर सुमारे पाऊण वाजता झाली. इंग्रजी गणनेने तो सोमवार, ५ मे होता. पंचांगाच्या गणनेने सूर्योदय व्हावयाचा असल्यामुळे रविवारच चालू होता. त्यामुळे एखाद्या आठवणीत रविवार आणि सरकारी कागदात ५ मे आढळला तर त्यांत विरोध आहे असे समजण्याचे कारण नाही. गंमत अशी की, भारतीय प्रमाणवेळेतील पाऊण म्हणजे ग्रिनिच वेळेप्रमाणे आदल्या सायंकाळचे सव्वासात. काही आज्ञावल्या वेळेवरून दिनांक काढताना ग्रिनिचशी जुळणारी जागतिक वेळ गृहीत धरतात, आणि म्हणून मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी आदल्या दिवसात टाकतात. येथे पंचांग आणि यंत्र यांचे एकमत होते. पण पंचांगाला त्याचे कारण ठाऊक असते.

घड्याळाचा इतिहासही विसरून चालणार नाही. सोलापूरची स्थानिक सौरवेळ आजच्या प्रमाणवेळेच्या सुमारे २६ मिनिटे मागे आहे. १८६० मध्ये आगगाडी सोलापुरास आली. पुढे रेल्वेने मद्रास वेळ स्वीकारली, आणि ती आजच्या प्रमाणवेळेच्या सुमारे ९ मिनिटे मागे होती. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सांभाळली. त्यामुळे सोलापूरच्या घड्याळात मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने घडलेली गोष्ट मुंबईच्या घड्याळात आदल्या दिवशीची ठरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाची घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती. संगणकातील कालविभागांच्या सूचीत भारतासाठी कोलकात्याच्या नावाची एकच नोंद आहे. महायुद्धकालीन फरक तीत नमूद आहे. मुंबई वेळ मात्र तीत नाही. मुंबईचे कागद अभ्यासणाऱ्याने ती दुरुस्ती स्वतः केली पाहिजे.

पावसाच्या नोंदींचे उदाहरण याच जातीचे आहे. अवर्षणाच्या या जिल्ह्यात पावसाचे आकडे इतिहासकारालाही लागतात. भारतीय हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे सकाळी साडेआठ वाजता मागील २४ तासांचा पाऊस मोजून तो त्या दिवसाच्या नावावर लिहिला जातो. ७ जूनच्या दुपारी पडलेला मृगाचा पाऊस ८ जूनच्या रकान्यात सापडतो. ७ जून एवढीच मर्यादा घालणाऱ्यास मृग कोरडा गेला असे दिसेल.

५. तिथीने चालणारे जीवन

इंग्रजी महिन्यांनी मर्यादा घालण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे की, समाजाचे व्यवहार त्या महिन्यांनी चालत नाहीत हे आपण विसरतो. सोलापूर जिल्ह्यातच याची दोन परस्परविरुद्ध उदाहरणे आहेत. सिद्धेश्वराची यात्रा मकरसंक्रांतीस भरते. संक्रांत सूर्याच्या गतीवर अवलंबून असल्यामुळे ती दरवर्षी जानेवारीच्या मध्यासच येते, आणि 'जानेवारी' ही मर्यादा तिच्यासाठी पुरेशी आहे. पंढरपूरची आषाढी एकादशी मात्र चांद्र तिथीवर अवलंबून असते. ती २०२३ मध्ये २९ जून रोजी, २०२४ मध्ये १७ जुलै रोजी आणि २०२५ मध्ये ६ जुलै रोजी आली. या तीन वर्षांच्या जुलै महिन्याचे आकडे, मग ते प्रवाशांचे असोत, व्यापाराचे असोत वा रोगराईचे, एकमेकांशी ताडून पाहिले तर २०२३ मध्ये पंढरपुरास मोठी उतरती कळा लागली असे दिसेल. वस्तुतः एकादशी मर्यादेच्या बाहेर दोन दिवस पडली, एवढेच घडले.

अशा वेळी मर्यादा दिनांकावर न बांधता घटनेवर बांधावी. म्हणजे एकादशीपूर्वी १५ दिवस आणि नंतर ५ दिवस, अशी ती वर्षागणिक सरकती ठेवावी. त्यासाठी प्रत्येक वर्षाच्या एकादशीचा दिनांक देणारे एक लहान कोष्टक करून ते मूळ सूचीशी जोडले की काम भागते. अधिक मासाचीही नोंद या कोष्टकात असावी. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण होता आणि निज श्रावण त्यानंतर आला. केवळ 'श्रावण' एवढ्या शब्दावर निवड करणाऱ्यास त्या वर्षी दोन महिन्यांच्या नोंदी मिळतील.

६. मागील शतकांकडे

विसाव्या शतकात निदान सनाविषयी वाद नसतो. मागे जावे तसतशी तीही खात्री राहात नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथील शिलालेख हा मराठीच्या प्राचीनतम शिलालेखांपैकी एक मानला जातो. त्यावर शके ९४० हा काल आहे. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो असे आपण शिकतो, आणि म्हणून १०१८ असे लिहितो. परंतु शकवर्ष चैत्रात सुरू होते. शके ९४० चे शेवटचे महिने १०१९ मध्ये पडतात आणि तेथे ७९ मिळवावे लागतात. सरसकट ७८ मिळवून भरलेल्या सूचीवर सनाची चाळणी लावली तर पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या नोंदींपैकी बहुतेक एक वर्ष मागे पडतात.

मराठी दप्तरांत शुहूर सन येतो. तो सूर्य मृग नक्षत्रात जाताच सुरू होतो. इसवी सन काढण्यासाठी त्यात वर्षाच्या पूर्वार्धात ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवितात. फसली सनाचा आरंभही दक्षिणेत मृगासच होतो. तेथे हेच अंक ५९० आणि ५९१ आहेत. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस बदलतो. अडचण अशी की, मराठी पत्रांत शुहूर सन सौर असूनही त्याच्या जोडीला महिना व तारीख बहुधा हिजरी, म्हणजे चांद्र असते. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे काही चांद्र तारखा एका शुहूर सनात दोनदा येतात. अशा पत्राला एक नव्हे, दोन संभाव्य दिनांक असतात.

जिल्ह्यातील ब्रह्मपुरी येथे, मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी, औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात होती. या चार वर्षांचा अभ्यास करणाऱ्यासमोर मोगली अखबार हिजरी तारखांनी, मराठी पत्रे शक वा शुहूर सनाने, पोर्तुगीज कागद नव्या ग्रेगरी पद्धतीने आणि इंग्रजी वखारींची पत्रे जुन्या ज्युलियन पद्धतीने येतात. त्या वेळी दोन युरोपीय पद्धतींत १० दिवसांचे अंतर होते. इंग्लंडने नवी पद्धत १७५२ मध्ये घेतली. तोपर्यंत तेथे वर्षही २५ मार्च रोजी बदलत असे, त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी व मार्चचा बराच भाग मागील सनात लिहिलेला आढळतो. हे चारही प्रकार एकाच रकान्यात भरून मर्यादा घातली, तर इंग्रजांना एखादी वार्ता पोर्तुगीजांच्या १० दिवस आधी कळली असा भास होईल, आणि त्यावरून हेरव्यवस्थेसंबंधी सिद्धान्तही रचले जातील.

या रूपांतराचे कष्ट मागील पिढ्यांनी उपसून ठेवले आहेत. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री, रॉबर्ट सेवेल व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ मधील भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथ, स्वामिकन्नू पिल्लै यांची कोष्टके आणि गणेश सखाराम खरे यांची शिवकालीन शकावली ही दिनांकानुसार निवड करण्याचीच साधने होत. आज रूपांतर यंत्राने करता येते. पण यंत्राचे उत्तर अशा कोष्टकाशी काही ठिकाणी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

यंत्राच्या स्वतःच्या मर्यादा तर अगदी अनपेक्षित ठिकाणी आडव्या येतात. एक्सेल या कोष्टकप्रणालीत सन १९०० पूर्वीचा दिनांक दिनांक म्हणून ओळखलाच जात नाही. तो केवळ मजकूर राहतो, आणि त्याची अनुक्रमणी अक्षरांच्या क्रमाने होते. पायथन भाषेतील 'पांडाज' या संचाच्या २०२३ पूर्वीच्या आवृत्त्यांत वेळ एका सेकंदाच्या अब्जांशांत मोजली जाई. त्यामुळे त्यांत १६७७ च्या सप्टेंबरपूर्वीचा कोणताही क्षण मावत नसे. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, जुन्या पद्धतीने. म्हणजे तो या यंत्राच्या काळाच्या बाहेरच होता! चुका दुर्लक्षाव्यात असे सांगितलेले असेल तर असे दिनांक कोरे होतात. कोरा दिनांक कोणत्याही मर्यादेत बसत नाही, म्हणून चाळणी लावताच ती नोंद निमूट गळते.

७. संदिग्ध दिनांकांचा न्याय

यातून शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उद्भवतो. ज्या कागदावर पूर्ण दिनांक नाही त्याचे काय करावे? मराठी पत्रांत तिथी असून सन नसणे ही नित्याची गोष्ट आहे. राजवाड्यांपासून सर्व संपादकांना तिच्याशी झगडावे लागले. पुष्कळदा कोऱ्या महिन्याच्या जागी जानेवारी आणि कोऱ्या दिवसाच्या जागी १ तारीख भरली जाते. मग प्रत्येक वर्षाच्या १ जानेवारीस विलक्षण धामधूम उडालेली दिसते. याउलट असे कागद वगळले तर अन्याय वेगळा होतो. पूर्ण दिनांक सरकारी कागदावर असतो; सामान्य रयतेच्या, गिरणीकामगारांच्या वा स्त्रियांच्या आठवणींत 'गांधींना धरले त्या आठवड्यात' एवढाच निर्देश असतो. दिनांक नसलेली नोंद वगळणे म्हणजे बहुधा अशा साक्षी वगळणे होय.

यावर एक मध्यम मार्ग आहे. प्रत्येक नोंदीस दोन दिनांक द्यावेत: तिचा काळ याच्या आधीचा नसावा असा एक, आणि याच्या नंतरचा नसावा असा दुसरा. पूर्ण दिनांक असेल तेथे दोन्ही एकच होतील. 'मे १९३०' एवढेच असेल तेथे १ मे आणि ३१ मे असे होतील. मग निवड दोन प्रकारांनी करावी. ज्या नोंदीचे दोन्ही दिनांक मर्यादेच्या आत आहेत ती निश्चित आत. जिचा काळ मर्यादेस केवळ स्पर्श करतो ती संभाव्य आत. दोन्ही संख्या द्याव्यात. त्यांतील अंतर हेच आपल्या अज्ञानाचे माप होय, आणि ते झाकून ठेवण्यापेक्षा वाचकापुढे मांडणे शास्त्रास अधिक शोभते.

सारांश, दिनांकानुसार निवड केल्याचे सांगणाऱ्या प्रत्येक प्रबंधात पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: कोणत्या घटनेचा वा कागदाचा दिनांक घेतला, तो कोणत्या कालगणनेतून कोणत्या साधनाने रूपांतरित केला, दिवस व घड्याळ कोणते धरले, दोन्ही टोकांचे दिवस आत आहेत की बाहेर, आणि दिनांकाअभावी किती नोंदी गळल्या. यांपैकी शेवटची संख्या यंत्र आपण होऊन कधीच सांगत नाही. ती विचारावी लागते. चाळणीच्या आधी किती नोंदी होत्या, नंतर किती उरल्या आणि मधल्या कोठे गेल्या, एवढे तीन आकडे काढण्यास काही क्षण पुरतात. १९३० च्या मे महिन्यातले सोलापूर त्या मधल्या आकड्यात असू शकते, हे वर पाहिलेच आहे.